एका भोकाची दोन मापं

हौसाताईंच्या लोहारखान्यातला जुना पॉवर हॅमर बंद पडला, तसे निवृत्त फोरमन दौलतराव सल्ला द्यायला हजर झाले. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं.

"याची कंपनी केव्हाच बुडाली. पार्ट मिळणार नाही. भंगारात द्या."

"हॅमर गेला तर नांगराचे फाळ कशावर घडवू?" हौसाताई म्हणाल्या.

तेवढ्यात लेथवाली रेश्मा हॅमरचं नवं बुश आणि नमुन्याला नेलेलं जुनं घेऊन आली. बुश म्हणजे पिन फिरते ती पितळी नळी. दौलतरावांनी खिशातून व्हर्नियर काढून जुनं बुश मोजलं, मग नवं.

"भोक एक सूत लहान! नमुना हातात असून माप चुकतं? कॉलेज अर्धवट सोडलं की असंच होतं."

या गृहस्थांनी चाळीस वर्षांत एकही पार्ट स्वतः घडवला नव्हता. फक्त दुसऱ्यांचे नापास केले होते.

रेश्माने जुनं बुश त्यांच्याच हातात पाव फेरा फिरवलं.

"काका, आता मोजा."

त्यांनी मोजलं, चष्मा पुसला, पुन्हा मोजलं. या बाजूने भोक बरोबर नव्याएवढंच होतं. घाव कायम उभाच बसायचा, म्हणून भोक उभं झिजून लांबट झालं होतं.

"एकाच भोकाची दोन मापं आली, काका. नमुना म्हणून कुठलं धरू?"

हौसाताईही उत्सुकतेने पुढे वाकल्या.

"आडवं," दौलतराव पुटपुटले.

"मी तेच धरलंय. तुम्ही झीज मोजत होतात."

हौसाताईंनी पदर खोचला. "बसव गं. आणि भाऊजी, जरा बाजूला व्हा. हॅमर चालू करायचाय."