सुट्टीच्या दिवशीची खरेदी

आपण मूर्ख आहोत, हे वृषाली स्वतःच हसत सांगे. शेअर बाजाराच्या सुट्टीआधी घ्यायचं, सुट्टीनंतर विकायचं, हा हेमंतभावजींचा मंत्र ऐकून तिने पार्लरच्या नव्या खुर्चीचे अर्धे पैसे घालवले होते.

उरलेल्या अर्ध्यांसाठी भावजी सुट्ट्यांची यादी घेऊन पुन्हा हजर झाले. “वहिनी, परवा सुट्टी आहे. आजच लावा!”

तोंडावर नाही म्हणणं वृषालीला कधी जमलंच नव्हतं. “लावते की! पण यंदा मी फक्त सुट्टीच्या दिवशी घेणार.”

“अहो, तेव्हा बाजार बंद असतो!”

“तोच एक दिवस मला मानवतो, भावजी.”

भावजी यादीची घडी घालून निघून गेले. वृषालीने सासूबाईंना ऐटीत विचारलं, “कसं गप्प केलं तुमच्या लेकाला?”

मटार सोलत सासूबाई म्हणाल्या, “परवा त्याला दिवसभर काही काम नाही. इथेच येईल तुला समजवायला.”