काशीचा सूर्य, पैठणची लेक

एकदा एका वृद्ध ज्योतिषी गुरुजींकडे, पैठणला, काशीत वाढलेला एक शिष्य शिकायला आला. हुशार होता, मनानेही चांगला. पण दर तिसऱ्या वाक्याला ‘आमच्या काशीत’. गोदावरीत बुडी मारून वर आला तरी गंगेचं पाणी कसं वेगळं तेच सांगायचा. पैठणला दक्षिण काशी म्हणतात, हे ऐकून तो हसला होता. “म्हणजे नावसुद्धा आमचंच.”

पुढे पैठणातच त्याचं लग्न झालं आणि दोन वर्षांनी मुलगी झाली.

तेव्हा वेळ घटिकापात्राने मोजत. तळाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी पाण्यात सोडायची. ती भरून बुडाली की एक घटका झाली. त्या सकाळी सूर्योदयापासूनची सातवी वाटी बुडाली आणि आत बाळ रडलं. शिष्याने वडिलांनी दिलेलं काशीचं पंचांग उघडलं. मूळ नक्षत्र साडेसात घटकांपर्यंत होतं. मुळावर जन्मलेल्या लेकराचं तोंड बापाने सत्तावीस दिवस, मूळशांतीचा विधी होईपर्यंत, पाहू नये, अशी रीत. तो गुरुजींच्या ओसरीवर राहायला आला.

पाचव्या दिवशी सासूबाई तिथे आल्या.

“जावईबापू, पोरीत काही खोट आहे म्हणून तुम्ही येत नाही, असं तुमच्या बायकोने मनाला लावून घेतलंय. घास उतरत नाही तिला.”

“माझा जीव तिथेच आहे हो. पण काशीचं पंचांग चुकत नाही.”

“नसेल चुकत. बाळंतीण सुकतेय, त्याचं काय?”

गुरुजींनी हे आतून ऐकलं. दुसऱ्या दिवशी झुंजुमुंजू होताच ते शिष्याला घाटावर घेऊन गेले.

“सूर्याला अर्घ्य दे.”

शिष्याने ओंजळ भरली आणि तसाच थांबला. “गुरुजी, सूर्य कुठे आहे अजून?”

“वर आलाय की. दे.”

गुरुजींना आता दिसत नसावं, या विचाराने शिष्याला वाईट वाटलं. तो हळूच म्हणाला, “नाही उगवला हो. पूर्वेला नुसती लाली आहे.”

“काशीत उगवला. काशी आपल्याहून पूर्वेकडे. तिथे आपल्याआधी सव्वा घटका उजाडतं. तुझं पंचांग त्या सूर्यापासून घटका मोजतं, आणि तू वाट्या मोजल्यास या सूर्यापासून.”

शिष्याच्या ओंजळीतलं पाणी गळून गेलं. सात आणि सव्वा, सव्वाआठ. मूळ तर साडेसातलाच सरलं होतं. तो वळून पळणार, तोच गुरुजींनी त्याचं उपरणं धरलं.

“बाळा, काशी थोर आहे. पैठणही काल वसलेलं नाही. पण थोरल्या गावी आधी उजाडतं म्हणून धाकट्याची सकाळ खोटी ठरत नाही. ज्याचा त्याचा सूर्य ज्याच्या त्याच्या वेळेला येतो. हे झालं गणित. आता गणिताबाहेरचं विचारतो. मूळ असतंच, तर पुन्हा माझ्या ओसरीवर येऊन बसला असतास?”

सूर्य वर येईपर्यंत तो पायरीवर बसून राहिला. मग त्याने अर्घ्य दिलं आणि घराकडे निघाला.

सासूबाई दारातच होत्या. “सरलं का मूळ?”

उत्तर त्याच्या ओठांवर होतं. त्याने ते गिळलं.

“ते असू द्या,” तो म्हणाला. “माझी लेक द्या इकडे.”

आपलं लेकरू दुसऱ्या गावच्या उजाडण्यावरून मोजू नये.