पाहुण्याची माघार

त्या मुलखात सगळं पाहुण्याच्या मर्जीने चालायचं. तो कुठून येतो हे कुणाला ठाऊक नव्हतं. पण वाटेला फाटा फुटला की त्याला विचारलं जायचं, आणि तो म्हणेल तेच घडायचं. घडलेलं आवडलं नाही, किंवा नुसतं कुतूहल वाटलं, तर तो मागे फिरायचा. याला माघार म्हणत. माघारीचा शंख वाजला की नदीचं पाणीसुद्धा मागे यायचं. प्रत्येकाने आपल्या आधीच्या जागी जाऊन उभं राहायचं आणि मधलं काही झालंच नाही असं वागायचं, हा तिथला रिवाज होता.

नदीच्या उतारापाशी एक टिटवी राहायची. तिला एकच पिल्लू होतं, ठिपकी. पूर आला तेव्हा ठिपकी पात्रातल्या खडकावर अडकली आणि त्याच वेळी प्रवाहातून एक चकचकीत ढाल वाहत आली.

काठावरच्या साळिंदराने अदबीने विचारलं, "पाहुणे, पिल्लू की ढाल?"

पाहुण्याने पिल्लू उचललं. टिटवीने त्याच्या पायांवर डोकं टेकलं. कावळा बातमी घेऊन पुढच्या गावी उडाला.

ठिपकीचं अंग अजून वाळलं नव्हतं, तोच शंख वाजला.

"असं कसं? वाचली ना ती!" टिटवी ओरडली.

"ढाल कशी आहे ते बघायचंय त्यांना," साळिंदर म्हणालं. "त्यांचा हक्कच आहे, बाई. ठेवा पोरीला जागेवर."

"तुझी असती तर ठेवली असतीस?"

साळिंदराने काटे मिटून घेतले. "रिवाज काही मी नाही पाडला."

टिटवीने स्वतःच ठिपकीला खडकावर नेऊन बसवलं.

"आई, तो घेईल ना मला?"

"मघाशी घेतलंच होतं की." 'मघाशी' हा शब्द उच्चारायला बंदी होती. तरी ती म्हणाली.

पाहुण्याने ढाल उचलली. ती त्याला बरी वाटली असावी, कारण या वेळी तो मागे फिरला नाही. टिटवी पाण्यापाशी बसून शंखाची वाट पाहत राहिली. मघाशी जो शंख ऐकून ती ओरडली होती, त्याच्यासाठीच आता ती कान लावून होती. शेवटी साळिंदराने तिला उठवलं. पुढच्या गावी पाहुण्याचा सत्कार होता आणि तिथे तिने हजर असणं ठरलेलं होतं.

ते गाव बगळ्यांचं होतं. उताराचा शंख तिथवर ऐकू जात नसे. कमान उभी होती, हार तयार होते. टिटवीने गावच्या म्होरक्याला बाजूला घेतलं.

"अहो दादा, माझी पोर गेली. त्यानं ढाल घेतली."

"अरेरे," बगळा म्हणाला. मग त्याने मान खाजवली. "पण कावळा सांगून गेला तसं सगळ्यांचं पाठ झालंय हो. आता ऐन वेळी बदलायचं म्हणजे पोरं अडखळणार. तुम्ही तिकडे उभ्या राहा, डावीकडे. आईची जागा तीच."

भाषण सुरू झालं. मरणाच्या दाढेतून पिल्लू परत आणणाऱ्या हाताचे पोवाडे झाले. पाहुणा आपली ढाल उन्हात फिरवून बघत होता. ठरलेल्या ओळीला टिटवी पुढे झाली. सगळं गाव तिच्या पंखाखाली कौतुकाने बघत होतं. तिने पंख जरासा उचलला, खाली वाकली आणि म्हणाली, "पाया पड, ठिपके."

पाहुणा ते ऐकायला थांबला नव्हता. गाव मात्र बराच वेळ टाळ्या वाजवत राहिलं.