ठावरीआजीचं अंडं

आमच्या डोंगरात सडक यायच्या कितीतरी आधी, सातपुड्यातल्या वरच्या पाड्यात ठावरी नावाची बाई होती. तिच्यासारखी नाचणीची फेसाळ दारू कुणाला जमत नसे. तिच्या मडक्याला कान लावला की आत पाऊस पडताना ऐकू येई, असं म्हणतात.

तेव्हा ओढ्याच्या पाण्यावरून वरच्या आणि खालच्या पाड्याचं भांडण पेटलं होतं. दोन वर्षं कुणी ओढा ओलांडला नव्हता. ठावरीची लेक जमनी खालच्या पाड्यात दिलेली, तिचं तोंडही आईला दिसलं नव्हतं. शेवटी ठरलं की पेरणीआधी दोन्ही पाड्यांच्या कारभाऱ्यांनी ठावरीची दारू भोपळ्याच्या एकाच तुंबड्यातून प्यायची. मात्र दारू नासकी निघाली तर समेट मोडला, अशी रीत होती.

त्याच वर्षी खाली सपाटीवर रोगाची साथ आली, बाजार बंद पडला, गूळ मिळेना. ठावरीने गुळाच्या जागी वाळलेली मोहाची फुलं घातली, गुळाच्याच मापाने. सहा दिवसांनी मडकं उघडलं तर पाणचट, आंबट.

चव बघायला खालचा कारभारी वेस्ता ओढ्यापर्यंत आला होता. तो थुंकून म्हणाला, "आजी, ही पाजलीस तर मिटलेलं भांडणही उठून बसेल!"

"मग तू बसून राहा," ठावरी म्हणाली. "दुसरं मडकं लावते."

गुळाचा रस पुरेसा गोड झाला की त्यात कोंबडीचं अंडं नखभर वर तरंगतं, हे तिला ठाऊक होतं. मोहाच्या रसात अंडं तळाला गेलं. तिने घरातली सगळी फुलं ओतली, मग शेजारणींची. अंडं हललं, पण वर येईना. पाड्यातली फुलं संपली.

ओढ्याकाठी थांबलेल्या वेस्ताने हे ऐकलं आणि आपल्या पाड्यात जाऊन सांगितलं. दुसऱ्या दिवशी जमनी पदरात फुलं घेऊन ओढ्यातून चालत आली. मागे खालच्या पाड्यातल्या सगळ्या बाया.

"आई, तुझं अंडं बुडालं म्हणे?"

"बडबड नको. ओत."

शेवटची ओंजळ पडली आणि अंडं वर आलं. ते वर येताना ओढ्याचं पाणी क्षणभर थांबलं, असं म्हणतात. कारभारी प्यायले ते आठ दिवसांनी.

आता दुकानात गूळ बारा महिने मिळतो. तरी पेरणीआधीच्या त्या मडक्यात कुणी गूळ घालत नाही. दोन्ही पाड्यांतल्या घराघरातून फुलं येतात. म्हातारा कारभारी विचारतो, "कुणाची किती?"

दारू लावणारी बाई ठावरीआजीचं नाव घेते आणि म्हणते, "ओतली की एकच."