दृष्ट लागलेलं नेट

सोसायटीचे चेअरमन भाऊसाहेब दाभाडे यांनी घरी नवा कॉम्प्युटर आणि नेट घेतलं, तेव्हापासून समोरच्या शैलाताई नुसत्या जळत होत्या. जोडणीला माणूस आला त्या दिवशी तर साखर मागायच्या निमित्तानं येऊन त्या प्रत्येक वायर कुठं जाते ते डोळे फाडून बघत उभ्या राहिल्या. त्यांची पाठ वळताच भाऊसाहेबांनी राउटरच्या वायरीला लिंबू-मिरची बांधली.

रविवारी परदेशातल्या नातवाचं बारसं कॉम्प्युटरवर बघायला सगळी सोसायटी त्यांच्या हॉलमध्ये जमली. तिकडे पाळणा सजला असणार, आणि इकडे नेटच लागेना! भाऊसाहेबांनी कॉम्प्युटर बंद करून चालू केला, वरून दोन थापा मारल्या, आणि शेवटी सगळ्यांदेखत शैलाताईंवर घसरले.

"ही तुमचीच दृष्ट! पहिल्या दिवसापासून डोळा ठेवून आहात!"

शैलाताई उठल्या आणि टेबलामागे वाकल्या. लिंबाच्या ओझ्यानं वायर राउटरमधून निसटून लोंबत होती. त्यांनी लिंबू सोडवलं आणि वायर खटकन बसवली. पडद्यावर पाळणा आला, आत्यानं बाळाच्या कानात कुर्र केलं.

"तुम्हाला कसं कळलं?" भाऊसाहेब पुटपुटले.

लिंबू त्यांच्या हातावर ठेवत शैलाताई म्हणाल्या, "जळत होते ना, म्हणून! कौतुक करणाऱ्यांनी नुसता पडदा बघितला, वायरी मी बघितल्या. पुन्हा नेट गेलं की लिंबू टांगू नका, मला हाक मारा."