खडकवेढ्याचा कट्टा आणि वाचणाऱ्याचे पीठ

खडकवेढ्याच्या चर्चसमोर एक बुटका दगडी कट्टा आहे. शोभेचा नाही, बसायचा तर नाहीच. कोणी पाहुणा टेकला की मंडळीतले वडीलधारे दाविदआबा ओहोळ त्याला उठवतात आणि ही गोष्ट ऐकवतात.

आबांच्या पणजोबांच्या काळातली, असे सांगतात. गावात पाळक वर्षातून दोनदा येई. एरवी शास्त्र वाचायला एकटी रूथबाई, कारण अक्षर ओळखणारी तीच. मंडळीला ती पुरती विटली होती. रविवारी प्रीतीची गीते गायची आणि सोमवारी बांधावरून डोकी फोडायची! सालोमन आणि त्याचा धाकटा भाऊ तर एकाच बाकावर पाठीला पाठ लावून बसत, म्हणे. उपास झाले, प्रार्थना झाल्या. रूथबाई म्हणे, "देवा, तुझे कान दुखत नसतील, माझे दुखतात."

हंगामाच्या सणाला सगळे पहिल्या ज्वारीच्या टोपल्या घेऊन आले. रूथबाईने दाखला म्हणून आपली टोपली आधीच कट्ट्यावर ठेवली होती. ती दारात आडवी उभी राहिली.

"भावाशी वाकडं असेल तर दान वेदीपाशी ठेवून आधी त्याच्याकडे जा, असं प्रभू सांगतो. वेदीपर्यंत तरी कशाला नेता? इथंच ठेवा. ज्याचं मिटेल त्यानं टोपली आत आणावी."

"पाळकसुद्धा एवढं बोलत नाही," सालोमन चरफडला.

"तो वर्षातून दोनदा बघतो. मी रोज बघते."

ऊन चढले, चिमण्या उतरल्या. धाकट्याच्या टोपलीवरच्या चिमण्या सालोमनने नकळत हाकलल्या आणि धाकटा हसला. तिथे पहिली गाठ सुटली. मग एकेक टोपली आत गेली. दुपारी एकच उरली.

"आता ही कुणाची?" रूथबाईने त्रासून विचारले.

लोक टोपलीकडे आणि तिच्याकडे बघू लागले. शेवटी सालोमन म्हणाला, "तुझीच की, काकू."

सासूच्या जात्यावरून थोरल्या जावेशी, एस्तेरशी, तिचा चार वर्षे अबोला होता. भिंतीला भिंत लागून घरे, पण रूथबाई दळायला गावाच्या दुसऱ्या टोकाला जाई. तो उतारा तिला तोंडपाठ होता, पण तो आपल्यालाही लागू आहे हे ध्यानात आले नव्हते, एवढाच काय तो घोळ.

टोपली डोक्यावर घेऊन ती एस्तेरच्या दारात गेली. टोपली उतरवून उंबऱ्यावर ठेवली.

"रोज सकाळचं तुझं वाचन भिंतीपलीकडून ऐकते मी," एस्तेर म्हणाली. "समेटाचा उतारा आला की तू फार घाई करतेस. ये, बस जात्यापाशी."

दोघींनी एका खुंट्याला हात लावून ती ज्वारी दळली. त्या वर्षी रूथबाईचे दान पिठाचे गेले.

आजही सणाला वाचणाऱ्याची टोपली आधी कट्ट्यावर ठेवतात. सगळी मंडळी त्याला विचारते, "तुझं कुणाशी?" मग ज्याच्याशी बिनसले असेल त्याच्या घरी ज्वारी दळून आणल्याशिवाय शास्त्र उघडत नाही. गेल्या वर्षी वाचनाची पाळी दाविदआबांची होती. उपासना सकाळी नऊची. सुरू झाली तेव्हा दुपारचे तीन वाजले होते, आणि आबांच्या मिशीला पीठ लागले होते.