शास्त्रीबुवांची इंग्रजी पोथी

फार पूर्वी, इंग्रजांची जहाजं नुकतीच आपल्या किनाऱ्याला लागू लागली होती, तेव्हा एका बंदरात एक शास्त्री राहत असे. इंग्रजी तो ग्रंथांतून शिकला होता. इंग्रजाशी मात्र कधी बोलला नव्हता.

राजाने त्याला सांगितलं, "शास्त्रीबुवा, आमच्या नाखव्यांना ही भाषा शिकवा. परकी जहाजं खडकांतून आत आणायची ती त्यांनीच."

शास्त्र्याने सुरेख पोथी रचली. 'राजहंस सरोवरात विहार करतो', 'सज्जनांची वाणी मधुर असते', अशी शंभर वाक्यं. एका म्हाताऱ्या नाखव्याने ती सगळी तोंडपाठ केली. शास्त्र्याला धन्य वाटलं.

एके दिवशी भर वाऱ्यात जहाज आलं. नाखवा होडी घेऊन सामोरा गेला. 'डावीकडे खडक आहे' एवढंच त्याला सांगायचं होतं. त्याने मनातल्या मनात सगळी पोथी धुंडाळली. तिच्यात ना डावं होतं, ना खडक. शेवटी तो हातवारे करू लागला. कप्तानाला वाटलं, हा इकडेच बोलावतोय. जहाज खडकावर फुटलं. माणसं कशीबशी वाचली.

दरबारी म्हणाले, "नाखवाच मठ्ठ. पोथी तर निर्दोष आहे!"

नाखवा मान खाली घालून उभा होता. शास्त्री गप्प राहिला असता तर निभावलं असतं.  पण तो पुढे होऊन म्हणाला, "महाराज, चूक माझी. याला काय बोलावं लागतं, हे मी कधी विचारलंच नाही."

राजाने त्याची पालखी काढून घेतली आणि नवी पोथी रचायला वर्षाची मुदत दिली.

शास्त्री रोज धक्क्यावर बसू लागला. "नाखवा, जहाज दिसलं की पहिलं काय बोलतोस?"

"पयलं इचारायचं, तुमचं जहाज पाण्यात किती बुडतं?"

शास्त्री लिहून घेई. गोरे खलाशी उतरले की त्यांच्या गप्पा, भांडणं, शिव्यासुद्धा कान देऊन ऐके. नवी पोथी पाहून विद्वान हसले, "ही तर धक्क्यावरची भाषा!"

"हो, तिथलीच," शास्त्री म्हणाला.

पुढच्या हंगामात जहाज आलं, तेव्हा शास्त्रीही होडीत बसला. नाखवा आणि कप्तान भराभर बोलू लागले. मध्येच कप्तान खो खो हसला.

"काय म्हणालास रे? हे तर पोथीत नव्हतं!"

"दम धरा, शास्त्रीबुवा," नाखवा म्हणाला, "आधी जहाज आत घेऊ द्या. मंग सांगतो."

तात्पर्य: शिकणाऱ्याला उद्या कुणाशी काय बोलायचं आहे, ते आधी ऐकावं, पोथी मग लिहावी.